चेंगडूच्या बाजारात काय खावं? (जोडीला एक सर्वभक्षी, एक शुद्ध शाकाहारी)

चाकवत

मंडळी, ऑक्टोबरच्या शेवटी कंपनीच्या कामासाठी चीनमधल्या चेंगडूला जातोय. सिच्वान प्रांताची राजधानी, दोन कोटींच्या आसपास वस्ती. मुक्काम दक्षिणेकडच्या हायटेक भागात आहे, म्हणजे काचेच्या इमारती आणि मॉल. नंतर बायको येणार आहे. मी सगळं खातो, गोमांस सोडून. ती अंडंसुद्धा खात नाही.

नेटवर जिथं बघावं तिथं दोनच नावं येतात: जिनली आणि ख्वानचाय गल्ल्या. फोटोत लाल कंदील, लाकडी दुकानं आणि माणसांचा महापूर. असले 'जुने' बाजार आता सगळीकडे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात असं माझं मत. मला तिथली माणसं रोजची भाजी जिथून घेतात आणि उभ्या उभ्या जिथं खातात, तो बाजार बघायचाय. असा बाजार उरलाय का? आणि बायकोनं काय खायचं?

तिखटाची काळजी नको. मी कोल्हापूरचा आहे.

आडकित्ता

"तिखटाची काळजी नको, मी कोल्हापूरचा आहे."

हे वाक्य जपून ठेवतोय. परत आलात की याच धाग्यावर भेटू.

मितभाषी

वाचतोय. फोटो टाकणारच ना?

तिबोटी खंड्या

चेंगडूत काही वर्षं राहिले आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

बाजार उरलेत, आणि जोरात आहेत. प्रत्येक वस्तीला आपली भाजीमंडई असते. तुम्हाला सोयीची म्हणजे युलिनची. दक्षिणेकडे आहे, मेट्रोनं जाता येतं. सकाळी आठ-साडेआठला जा. दहानंतर गेलात तर भाजी उरलेली असते, बाजार नसतो.

आत शिरताना आधी वास येतो तो मिरच्या भाजल्याचा. मिरचीच्या दुकानात पोत्यांची तोंडं उघडी असतात. लांब, वाकडी, सालीला सुरकुत्या पडलेली ती अरजिंगथ्याव. ती वासाला आणि रंगाला, तिखटाला बेताची. आखूड, टोकदार असते ती जाळ. गिऱ्हाईक येतं, यातलं इतकं, त्यातलं तितकं असं सांगतं, दुकानदार तिथंच कढईत थेंबभर तेलावर मिरच्या परततो आणि विजेच्या उखळात घालतो. मुसळ ठाक ठाक पडत राहतं. पूड मुद्दाम जाडसर ठेवतात, बिया दिसल्या पाहिजेत. घरी नेऊन त्यावर कडकडीत मोहरीवर्गी तेल ओततात. ते लाल तेल हा तिथल्या अर्ध्या खाण्याचा पाया.

शेजारी दोउबानचे रांजण. बाकळ्याच्या बिया आणि मिरची मिठात मुरवून केलेला काळपट लाल लगदा. चांगला माल चेंगडूच्या वायव्येला फीश्येनचा (आताचा फीदू जिल्हा). रांजण दिवसा उन्हात उघडे ठेवायचे, ढवळायचे, पाऊस आला की झाकायचे, असं वर्ष-दोन वर्षं किंवा त्याहून जास्त चालतं. जितका जुना तितका काळा आणि महाग.

मला सगळ्यात आवडायच्या त्या लोणच्याच्या बरण्या. बरणीच्या गळ्याभोवती खोलगट काठ, त्यात पाणी, आणि झाकण त्या पाण्यात उपडं बसवलेलं. आतला वायू बुडबुड करत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत जात नाही. विक्रेतीबाई लांब चिमट्यानं मुळा, आलं, चवळीच्या शेंगा, मिरच्या काढून देते. तेल नाही, आपल्या लोणच्याचा मसाला नाही, मुख्य म्हणजे खारं पाणी.

तुम्ही जाल तेव्हा थंडी सुरू होत असेल. वाटाण्याच्या वेलाचे कोवळे शेंडे यायला लागतील. ते नुसते लसूण घालून परततात. बायकोला ते आवडले नाहीत तर मला सांगा.

कोकणकन्या

खंड्याताई, त्या जीभ बधिर करणाऱ्या मिऱ्यांबद्दल काहीच नाही लिहिलंत! ती आपली तिरफळंच ना?

तिबोटी खंड्या

@कोकणकन्या, ह्वाज्याव. नात्यातलीच, पण तीच नाहीत. दिसायला थेट तिरफळ: फुटलेलं टरफल, आत काळं चकचकीत बी. बी टाकून द्यायचं, टरफल वापरायचं, हेही तसंच. पण फळ लहान आणि वास वेगळा. लाल ह्वाज्यावला संत्र्याच्या सालीकडे झुकणारा वास असतो, हिरव्याला लिंबाच्या सालीचा. हान्युआन भागातला लाल माल नावाजलेला. तिथल्या मालाला पूर्वी राजदरबारी मान होता.

आंबटवेल

वनस्पतिशास्त्रवाला म्हणून नाक खुपसतो. कुळ एक, प्रजाती एक (झँथोझायलम), जाती वेगळ्या. आपलं तिरफळ म्हणजे झँथोझायलम ऱ्हेट्सा, पश्चिम घाटातला काटेरी खोडाचा मोठा वृक्ष. गोव्यात तेफळ म्हणतात. नेपाळ-उत्तराखंडातला टिमुर हाही याच घरातला. आणि ही सगळी लिंबाच्या कुळातली, मिरीशी काडीचा संबंध नाही.

झिणझिण्या येतात त्या सानशूल नावाच्या द्रव्यानं. २०१३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी लोकांच्या ओठांना ह्वाज्याव लावून शेजारी बोटावर यांत्रिक कंप दिला आणि दोन्ही कंप सारखे वाटतात का ते विचारलं. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ५० कंप. म्हणजे जीभ खरोखर बधिर होत नाही, ती थरथरतेय असं मेंदूला वाटतं. मिरची उष्णतेचे तंतू चेतवते, ही स्पर्शाचे. दोन्ही एकत्र आलं की सिच्वानी जेवण.

आडकित्ता

सेकंदाला ५० म्हणजे महावितरणचाच वेग. कोल्हापूरकर, मीटर बसवून घ्या.

टेक्सासची ताई

अवांतर: अमेरिकेत १९६८ पासून २००५ पर्यंत हे मिरे आणायला बंदीच होती. लिंबूवर्गीय झाडांचा कँकर रोग त्यातून येईल या भीतीनं. नंतर तापवून आणलेल्या मालाला परवानगी मिळाली. तोवर इथल्या सिच्वानी खानावळी काय घालत होत्या देव जाणे. आमच्या गावातल्या खानावळीत आजही घालत नाहीत असा मला दाट संशय आहे.

कोकणकन्या

बांगड्याच्या तिखल्यात ठेचून चार तिरफळं टाकली की बास. तीसुद्धा खायची नाहीत, ताटाच्या कडेला काढायची. हे लोक मूठमूठ घालतात की काय?

तिबोटी खंड्या

मूठमूठ. आणि पूड करूनही. ती कडेला कशी काढणार!

शिरापुरी

शाकाहारी बायकोच्या वतीने मी लिहितो, कारण मीही गवतखाऊ आणि कामानिमित्त तिथं जाणं होतं.

पहिली गोष्ट. तिथं मांस दिसतं त्यापेक्षा न दिसणारं जास्त छळतं. हॉटपॉटचा (टेबलावरच उकळत ठेवतात तो) लाल रस्सा परंपरेनं गाईच्या चरबीत करतात. वर तरंगणारा लाल थर तोच. चाकवत, हे तुम्हालाही लागू आहे! वनस्पती तेलातला रस्सा मागायचा, त्याला 'छिंग योउ' म्हणतात. बऱ्याच ठिकाणी मिळतो. मापो तोफू शाकाहारी वाटतं, पण मूळ पाककृतीत गोमांसाचा खिमा. चेन आडनावाच्या बाईंच्या खानावळीत १८६२ च्या सुमारास सुरू झालेला पदार्थ, आणि तिथं आजही तो खिमा असतोच. फूछी फेइप्येन तर गाईच्या वजडी-जिभेचे कापच. दानदान नूडल्सवर डुकराचा खिमा. काळ्या तिळाचं सारण भरलेले थांगयुआनचे गोड गोळे बघून बायको खूश होईल, पण सारण चरबीत मळतात. ग्वोख्वेइ नावाच्या खुसखुशीत रोटीच्या पापुद्र्यांतही चरबी असू शकते.

आता जमेची बाजू. वनशू मठ. मेट्रोचं त्याच नावाचं स्टेशन आहे. मठात शाकाहारी भोजनगृह आहे, आणि तिथं कांदा-लसूणही नाही, कारण बौद्ध भिक्खूंना तो वर्ज्य. आमच्या जैन सहकाऱ्यानं तिथं पहिल्यांदा न विचारता जेवण केलं. मठासमोर ल्यांगफनचं जुनं दुकान आहे, कायम रांग. पिवळ्या वाटाण्याच्या सत्त्वाची थरथरती वडी, वर लाल तेल, सोया, लसूण. तिथलेच थ्यानश्वेइ म्येन घ्या: करंगळीएवढ्या जाड, चिवट नूडल्सचे थोडेसे तुकडे, त्यावर गोडसर आटवलेला सोया, तिळाची पेस्ट, लाल तेल. या दोन्हीत मांस नसतं, तरी विचारावं. दोन वाट्यांत पोट भरतं आणि नाकातून पाणी येतं.

मोबाइलमध्ये चिनी लिपीत एक वाक्य ठेवायचं: "मी शाकाहारी आहे. मांस, मासे, अंडी, प्राण्यांची चरबी आणि हाडांचा रस्सा चालत नाही." शेवटचे दोन विसरलात तर बाकीच्याचा उपयोग नाही. नुसतं "मांस नको" म्हटलं की खिमा वगळून हाडांच्या रश्शातच नूडल्स देतात, आणि देणाऱ्याला आपण मोठा उपकार केला असं मनापासून वाटतं.

चाकवत

@शिरापुरी दंडवत घ्या. चरबीचं माहीत नव्हतं, कंपनीच्या पहिल्याच जेवणात मी त्या लाल रश्शात हात घातला असता.

@खंड्या, वाटाण्याचे शेंडे नोंदवले. म्हणजे जिनली आणि ख्वानचाय यादीतून काढू ना?

वाटसरू_७१

काढू नका हो. हे 'टुरिस्टी आहे म्हणून जाणार नाही' फॅड मला कळत नाही. टुरिस्ट तर तुम्हीच आहात.

गावठी गणित

काढाच. जिनली २००४ ची आहे. वूहोउ मंदिराशेजारी 'प्राचीन गल्ली' म्हणून बांधलेली. ख्वानचाय खऱ्या जुन्या, छिंग राजवटीच्या काळात मांचू सैनिकांची वस्ती होती, पण डागडुजी करून २००८ मध्ये उघडल्या आणि मूळचे रहिवासी बहुतेक गेले. उरलं काय तर काठीवरची कोळंबी, दुर्गंधी तोफू आणि पांडाच्या टोप्या. तो तोफूही हुनानचा, सिच्वानचा नव्हे.

वाटसरू_७१

मग काय झालं? पदार्थ चांगला की वाईट ते बोला ना. जिनलीत मी सान दा पाव खाल्ला. चिकट भाताचा गोळा कारागीर तिरक्या फळीवर नेम धरून आपटतो, फळीवर पितळी तबकड्या असतात, त्या खणाणतात, आणि गोळा उडी मारून खालच्या सोयाबीनच्या भाजक्या पिठात जाऊन पडतो. तीन गोळे, तीन आवाज, तोफा डागल्यासारखे. वर काकवीसारखा पाक आणि तीळ. शाकाहारी आहे, लहानथोर सगळे थांबून बघतात. युलिनच्या मंडईत हे कोण करून दाखवणार आहे?

साखरेचं चित्र काढणारेही तिथंच. पैसे दिले की चकतीवरचा काटा फिरवायचा, ड्रॅगनवर थांबला तर ड्रॅगन. माझा दर वेळी पीचवर थांबला.

तिबोटी खंड्या

दोघांचंही थोडं थोडं पटतंय. जिनलीत जाऊन *जेवू* नका, एवढंच. बघायला संध्याकाळी चक्कर मारा, सान दा पाव आणि बिंगफन खा. बिंगफन म्हणजे एका झाडाचं बारीक बी फडक्यात बांधून पाण्यात चोळतात, चुन्याची निवळी घातली की ते पाणी थिजतं. त्यावर काळ्या साखरेचा पाक, दाणे, बेदाणे, आंबट हॉथॉर्नचे काप. तिखट खाऊन आल्यावर याच्याइतकं गुणकारी काही नाही.

आणि ख्वानचायहून पाच-दहा मिनिटं चाललात की क्वेइशिंगलोउ रस्ता लागतो. ऑफिसातली तरुण पोरं संध्याकाळी तिथं रांगा लावतात. अर्धा धागा ज्यावर भांडतोय त्याचं उत्तर दोन गल्ल्या सोडून आहे.

लुझौरिटर्न

सिच्वानातच एमबीबीएस केलं, सुटी पडली की चेंगडू गाठायचो. माझं मत विद्यार्थ्याचं, म्हणजे खिशाचं.

ज्येनशे रस्ता. पूर्व-उत्तरेला, इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यापीठाजवळ. संध्याकाळी सहानंतर गर्दीत पाय ठेवायला जागा नसते. तिथं 'परंपरा' वगैरे काही नाही, पोरं जे खातात ते आहे: तळलेल्या बटाट्यावर मिरची-जिऱ्याची पूड, काठीवर काळ्या साखरेत घोळलेले तळीव चिकट गोळे, दान हुंग गाव (छोट्या पितळी तव्यावरची अंड्याची घडी घातलेली धिरडी, बायकोला नाही चालणार), छ्वानछ्वान. छ्वानछ्वान म्हणजे काड्यांना टोचलेले तुकडे उकळत्या रश्शात बुडवायचे आणि शेवटी काड्या मोजून बिल. आम्ही काड्या लपवायचो नाही, असं लिहायला सांगितलंय.

नूडल्सच्या दुकानात वजनानं मागायचं: एक ल्यांग, दोन ल्यांग, तीन ल्यांग. ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम, तेही नूडल्सचं, वरच्या मसाल्याचं नव्हे. चाखायला एक, जेवायला दोन. यामुळे एका दुपारी तीन-चार दुकानं करता येतात, हा चेंगडूचा सगळ्यात मोठा शोध. मंडईत भाव 'जिन'चा असतो, म्हणजे ५०० ग्रॅम. भाव अर्धा वाटला म्हणून हुरळू नका.

आणि सर्वभक्षी म्हणवता तर सशाचं मुंडकं खाल्ल्याशिवाय परत यायचं नाही. चीनमध्ये सर्वाधिक ससा सिच्वानात खातात. हातमोजे देतात, जबडा धरून दोन भाग करायचे, गालाचं मांस आणि जीभ आधी.

निंबोणी

मी हा धागा जेवताना उघडला होता.

आडकित्ता

@चाकवत, ससा म्हणतोय मी तीन पायांचा नाही, एक मुंडक्याचा. ऐका त्याचं.

मितभाषी

फोटो नकोत. माघार घेतो.

चाकवत

ससा बघू. आधी लाल तेल तरी पचू दे.

हातात रोख पैसे ठेवावेत का? गाड्यांवर कार्ड चालतं का? सहकारी म्हणतात तिथं नोटा बघून भाजीवालीसुद्धा हसते.

शिरापुरी

भाजीवाली घेते नोटा, सुटे शोधताना वेळ जातो इतकंच. अलीपे किंवा वुईचॅट (मोबाइलवरून पैसे द्यायची तिथली ॲप्स) निघण्यापूर्वी भारतातूनच चालू करून ठेवा. आता परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडता येतं. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला अधिभार नाही, त्यापुढे ३ टक्के. गाड्यावर २०० चं खाल्लंत तर रुग्णालयाचा खर्च वेगळा. कार्डाची आंतरराष्ट्रीय सोय बँकेतून उघडून घ्या, माझी एका बँकेनं ऐन रांगेत बंद केली होती. मागे सतरा माणसं आणि पुढे ल्यांगफन.

पायवाट

मला जरा वेगळं बोलायचंय. 'खरा बाजार' बघायला जाणाऱ्यांनी आपण बाजारात अडचण करतोय हे लक्षात ठेवावं. सकाळची घाई असते, नातवाला शाळेत सोडून आजीबाई भाजीला आलेल्या असतात, गल्लीची रुंदी दोन माणसांची, आणि मधे आपण कॅमेरा लावून मिरच्यांचा फोटो काढतोय. काहीतरी विकत घ्या. दोन संत्री घ्या, शंभर ग्रॅम दाणे घ्या. घेतलं की माणसं बोलतात, चव बघायला देतात. नुसतं बघत फिरलात तर तो प्राणिसंग्रहालय झाला.

उलट जिनलीत दुकानदार तुमच्या फोटोसाठीच बसलेला आहे. तिथं खुशाल काढा. या एका बाबतीत टुरिस्ट गल्ली जास्त प्रामाणिक आहे.

गावठी गणित

हे मान्य. पण "प्रामाणिक" हा शब्द त्या भावांना लावू नका.

वाटसरू_७१

+१ पायवाट. भावांचं सोडा, देवळाबाहेर नारळ कुठे स्वस्त मिळतो?

इतिहासाचा कीस

मंडळी खाण्यात इतकी रमली की वनशू मठाचं महत्त्वाचं राहिलं. ह्युएन त्संग, म्हणजे श्वेनझांग, याची पूर्ण भिक्खुदीक्षा चेंगडूतच झाली, ६२२ साली, विशीत असताना. पुढे तो भारतात आला आणि पुलकेशी दुसऱ्याच्या काळात महाराष्ट्रातही येऊन गेला. आपल्या लोकांबद्दल त्यानं लिहिलंय की उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत, आणि सूड घ्यायचा तर शत्रूला आधी कळवतात. वनशू मठात त्याच्या कवटीचा अंश म्हणून एक अवशेष जपलेला आहे. ल्यांगफनच्या रांगेतून मोकळे झालात तर मठातही जा.

आडकित्ता

शत्रूला आधी कळवतात हे आजही खरं आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज कळवतात.

कोकणकन्या

श्वेनझांगनं तिरफळाबद्दल काही लिहिलंय का?

इतिहासाचा कीस

ताई, मिरच्यांबद्दलसुद्धा लिहू शकला नसता. मिरची अमेरिकेतली, चीनमध्ये सोळाव्या शतकाच्या शेवटाला पोचली, आपल्याकडेही त्याच शतकात पोर्तुगीजांबरोबर. श्वेनझांगच्या काळातलं सिच्वान आणि महाराष्ट्र दोन्ही बिनमिरचीचे. ह्वाज्याव मात्र तेव्हाही होती, ती तिथली मूळचीच.

लुझौरिटर्न

म्हणजे कोल्हापूर विरुद्ध चेंगडू हा सामना पाचशे वर्षांपेक्षा जुना नाही. बरं, तिखट कमी हवं असेल तर 'वेइ ला' म्हणायचं. तिथलं 'वेइ ला' म्हणजे आपलं रोजचं.

चहाबाज

कुणी चहाचं नाव काढलं नाही! एवढं सगळं खाऊन बसायचं कुठं? लोकोद्यानात, म्हणजे रनमिन पार्कात, हमिंग नावाचं चहाघर आहे, १९२३ पासूनचं. बांबूच्या खुर्च्या, तळ्याकाठी, झाकणाचे कप. एकदा चहा घेतला की गरम पाणी हवं तितक्या वेळा, आणि उठ असं कुणी म्हणत नाही. सकाळी म्हातारी मंडळी पक्ष्यांचे पिंजरे घेऊन येतात, दुपारी पत्ते आणि माहजोंग. सूर्यफुलाच्या बिया सोलत चार तास काढता येतात. कान साफ करणारे येतात, लांब लोखंडी काड्या आणि पिसाचा झुपका घेऊन. शेवटी चिमट्यावर टण् करून कानाजवळ धरतात. माझा त्या क्षणी आत्मा थोडा बाहेर येऊन गेला.

चेंगडू २०१० मध्ये युनेस्कोची खाद्यनगरी झाली, आशियातली पहिली. माझ्या मते निम्मं श्रेय या खुर्च्यांना आहे. लोक निवांत बसतात म्हणून चवीनं खातात.

शिरापुरी

चहाघरात सकाळी उपाशी जाऊ नका. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात गरम सोयादूध आणि तेलात तळलेला लांब 'योउथ्याव' घ्या. बायकोला रोजची न्याहरी झाली. तिखट दोउहुआही मिळते: मऊसूत तोफू, वर लाल तेल, तळलेले सोयाबीन, बारीक चिरलेलं लोणचं. हीही बिनमांसाची मिळते, पण मोबाइलमधलं वाक्य दाखवूनच घ्या.

पायवाट

@चाकवत, मूळ प्रश्न "खरा बाजार उरलाय का" असा होता. २०२० मध्ये लॉकडाउननंतर चेंगडूनं फेरीवाल्यांना रस्त्यावर गाडे लावायला परत मुभा दिली, त्याची चीनभर चर्चा झाली. काही जागा टिकल्या, काही हलवल्या. म्हणून एखाद्या ब्लॉगवर वाचलेला गाडा नेमका तिथंच सापडेल असं धरून चालू नका. तुमच्या हॉटेलाच्या स्वागतकक्षात रात्रपाळीला जो असेल त्याला विचारा, "तू सुटल्यावर कुठे खातोस?" सकाळच्या पाळीवाला मॅनेजर जिनली सांगेल.

चाकवत

हे आवडलं. आतापर्यंतचा बेत असा: पहिल्या रविवारी एकटा युलिन, काहीतरी विकत घेऊन. बायको आल्यावर वनशू, ल्यांगफन, मठाचं जेवण, दुपारी चहाघर. संध्याकाळी जिनली, सान दा पावसाठी, गावठी गणित यांची क्षमा मागून. ज्येनशे रस्ता माझा एकट्याचा. सशाचा निर्णय राखून ठेवलाय.

येताना काय आणू? दोउबान आणता येईल का?

तिबोटी खंड्या

दोउबान आणा, पण कारखान्यातून सीलबंद आलेलंच, रांजणातलं सुटं नको. तेल सुटतं आणि बॅगेतले कपडे कायमचे लाल होतात. चेक-इनच्या बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत अडवतील. ह्वाज्याव घेताना मूठभर हातात घेऊन चोळा. हाताला वास राहिला पाहिजे, आणि काळ्या बिया जितक्या कमी तितका माल चांगला, कारण वजन बियांचं असतं.

कोकणकन्या

@चाकवत, माझ्यासाठी दोन ल्यांग आणाल का? बांगड्यात घालून बघायचंय. तिरफळाच्या जागी चालतं की नाही ते इथं लिहीन.

आंबटवेल

विमानतळावर वनस्पती-विलगीकरणाचे नियम बघून घ्या, बिया निवडून काढलेला आणि सीलबंद पाकिटातला मालच बरा. आणि ताई, हिरवी मागा. माशाला लालपेक्षा हिरवी जास्त जमते, तिथंही माशावर हिरवीच घालतात.

कोकणकन्या

मग एक ल्यांग लाल, एक हिरवी. पैसे जीपेनं करते.

आडकित्ता

चाकवत, निघताय ऑक्टोबरात. आत्तापासून ऑर्डर घेऊ नका, परत येताना सामानात तुम्ही बसणार नाही.